कॉलेज बदलण्याआधी मिनिटं मोजा

दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर मुलगी म्हणते, ‘मला बास्केटबॉलसाठी कॉलेज बदलायचंय,’ आणि घरात दोन बाजू पडतात. आई-बाबा विचारतात, नवं कॉलेज नावाजलेलं आहे का, फी किती, प्लेसमेंट कशी आहे. मुलगी सांगते, त्यांची टीम दरवर्षी फायनलला असते. दोघांचंही चुकत नाही, पण मुद्द्याला कुणीच हात घातलेला नसतो. त्या जिंकणाऱ्या टीममध्ये तुमची मुलगी प्रत्यक्ष खेळणार किती?

बास्केटबॉलचा सामना 40 मिनिटांचा. कोर्टवर एका वेळी पाच जणी. म्हणजे प्रशिक्षकाकडे एका सामन्यात वाटायला 200 मिनिटं असतात आणि संघात 12 मुली. समान वाटणी केली तरी प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम सोळा-सतरा मिनिटं येतात. पण चुरशीच्या सामन्यात समान वाटणी कुणी करत नाही. सात-आठ जणींवर भिस्त असते, उरलेल्या चौघी-पाच जणी बाकावरून टाळ्या वाजवतात. आज साध्या संघात तीस मिनिटं खेळणारी मुलगी विजेत्या संघात जाऊन तीन मिनिटांवर आली, तर वर्षभरात तिचा खेळ वाढण्याऐवजी आटतो. सराव कितीही चांगला असला, तरी दडपणाखाली चेंडू हाताळायची सवय सामन्यातच लागते.

म्हणून तुलना करायची तर दोन्ही संघांची यादी कागदावर मांडा. प्रत्येकीची जागा कोणती, गार्ड, फॉरवर्ड की सेंटर, आणि ती कितव्या वर्षाला आहे. मुलगी पॉइंट गार्ड असेल आणि नव्या कॉलेजात त्याच जागेवर पहिल्या वर्षाच्या दोन तरबेज मुली असतील, तर तिथे पुढची दोन वर्षं रांगेत उभं राहावं लागेल. उलट तिथल्या दोन्ही गार्ड यंदा पदवी घेऊन बाहेर पडत असतील, तर हीच संधी. स्कोअरशीट मिळाली तर जरूर बघा. त्यावर कोण किती मिनिटं खेळली हे नसतं, पण सुरुवातीच्या पाच जणींच्या नावापुढची खूण वर्तुळात असते, नंतर उतरलेल्यांच्या नावापुढे नुसती फुली असते, आणि जिच्या नावापुढे काहीच नाही ती त्या दिवशी कोर्टवर उतरलीच नाही. मोसमातल्या चार-पाच स्कोअरशीट पाहिल्या की प्रशिक्षकाचा कल उघड होतो. पीडी सरांना किंवा मॅडमना, म्हणजे क्रीडा संचालकांना, हे मागायला संकोचू नका. आपल्या कामावर विश्वास असलेला क्रीडा संचालक हे कागद खुशाल दाखवतो.

हैदराबादमध्ये आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, आणि बहुतेक पालकांचं लक्ष तिकडे जातच नाही. कॉलेजचा संघ वेगळा आणि विद्यापीठाचा संघ वेगळा. सेंट फ्रान्सिस, लोयोला अकॅडमी, भवन्स विवेकानंद, निजाम कॉलेज ही सगळी उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत या कॉलेजांचे संघ एकमेकांशी भिडतात आणि त्यातून विद्यापीठाच्या 12 जणी निवडल्या जातात. त्यामुळे बेगमपेटच्या कॉलेजातून सैनिकपुरीच्या कॉलेजात गेल्यानं विद्यापीठ बदलत नाही. विद्यापीठाच्या संघाचं दार जितकं उघडं होतं तितकंच राहतं. बदलतात ते रोजचा सराव, प्रशिक्षक, सोबतच्या मुली आणि निवड करणाऱ्यांसमोर खेळायला मिळणारे सामने. आत्ताचं कॉलेज पहिल्याच फेरीत बाद होत असेल, तर हे शेवटचं कारण वजनदार आहे.

एकाच आवारात चालणाऱ्या खासगी किंवा अभिमत विद्यापीठाचं गणित निराळं. तिथे कॉलेजचा संघ हाच विद्यापीठाचा संघ. निवड झाली की थेट आंतरविद्यापीठ स्पर्धा, मधली पायरीच नाही. चेन्नईचं एसआरएम आणि बंगळुरूचं जैन विद्यापीठ खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन बोलावतात ते याच हिशेबानं. पण तिथे देशभरातल्या मुली येतात, म्हणजे 12 जागांसाठीची चढाओढही देशभराची.

कोटीच्या महिला महाविद्यालयाचा इथे खास विचार करा. 1924 साली सुरू झालेलं, जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या वास्तूतलं हे कॉलेज अनेक दशकं उस्मानियाचा भाग होतं. 2022 मध्ये त्याचं महिला विद्यापीठ झालं आणि 2024 पासून ते चाकली ऐलम्मांच्या नावानं ओळखलं जातं. विद्यापीठ वेगळं म्हणजे संघाची निवडही वेगळी, आणि इच्छुक मुली उस्मानियाच्या मानानं कमी. सुलतान बाजार, काचीगुडा भागातल्या मराठी घरांना ते पायी जाण्याइतकं जवळ आहे. खेळाच्या सोयी कशा आहेत हे मात्र स्वतः जाऊन पाहा, जुन्या नावलौकिकावर विसंबू नका.

नांदेड, लातूर, परभणीहून मुलीला हैदराबादला आणू पाहणारी घरं आजही आहेत. या भागाची आणि या शहराची शिक्षणाची सोयरीक जुनी आहे. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत तिकडची कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली होती. आता मात्र मधे राज्याची सीमा आहे आणि खेळाची विभागणीही. भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धांत महाराष्ट्रातली विद्यापीठं पश्चिम विभागात आणि तेलंगणातली दक्षिण विभागात. दक्षिण विभागात केरळ आणि तमिळनाडूचे संघ असतात आणि मुलींच्या बास्केटबॉलमध्ये हा देशातला सर्वांत कठीण विभाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायला उत्तम, पण अखिल भारतीय फेरी गाठायला अवघड. नांदेडच्या विद्यापीठाकडून खेळणाऱ्या मुलीनं हा फरक आधी मनात नीट उतरवून घ्यावा.

शिवाय, एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय 17 ते 25 मध्ये असावं लागतं. बदल मोसमाच्या मधे केला तर अख्खं वर्ष हातचं जाऊ शकतं. विद्यापीठ बदलून आलेल्या विद्यार्थ्यांसाठीचे पात्रतेचे चालू नियम नव्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून लेखी मिळवा. कोच ‘होऊन जाईल’ म्हणाले, एवढ्यावर थांबू नका.

हे सगळं नोकरीशी थेट जोडलेलं आहे, म्हणून एवढा आग्रह. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीच्या नियमांत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व ही मान्य पात्रता आहे. कॉलेजच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र तिथे पुरत नाही. महिला बास्केटबॉलमध्ये रेल्वे हा वर्षानुवर्षं मोठा आधार राहिला आहे आणि दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला, म्हणजे घराजवळच आहे. रेल्वेच्या जाहिरातीत कोणत्या वेतनस्तराला कोणत्या स्पर्धेतला कितवा क्रमांक हवा, हे स्पष्ट छापलेलं असतं. जुन्या दोन-तीन जाहिराती काढून मुलीसोबत बसून वाचा. कॉलेज बदलून ती त्या अटींच्या जवळ जाते की नाही, हे तासाभरात कळेल. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणावर डोळा असेल, तर दुसऱ्या राज्याकडून खेळल्याचा त्यावर काय परिणाम होतो, हे सीमा ओलांडण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना विचारा.

तीन विरुद्ध तीन हा प्रकारही लक्षात असू द्या. टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे, एका संघात फक्त चार खेळाडू असतात आणि 2022 च्या राष्ट्रीय स्पर्धांत तेलंगणाच्या महिलांनी त्यात सुवर्ण मिळवलं. उंची बेताची पण पायात वेग आणि लांबून नेम असलेल्या मुलीला इथे वाव आहे. नवं कॉलेज या प्रकारासाठी स्वतंत्र सराव घेतं का, ते विचारा.

आता अभ्यास. तेलंगणात बहुतेक पदवी प्रवेश ‘दोस्त’ या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. पहिल्या वर्षानंतरची बदली हा मात्र वेगळा मार्ग आहे. त्यासाठी नव्या कॉलेजात त्याच विषयगटात जागा रिकामी हवी. शहरातली अनेक चांगली कॉलेजं स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम स्वतःचा. एकाकडे दुसऱ्या सेमिस्टरला असलेला पेपर दुसरीकडे पहिल्याला होऊन गेलेला असतो आणि मग तो जादा लिहावा लागतो. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये श्रेयांक जमा असतात हे खरं, पण त्यातले किती धरायचे हे घेणारी संस्था ठरवते. तेव्हा प्रवेशाआधीच एक यादी मागा: कोणते पेपर मान्य, कोणते पुन्हा. सराव, प्रवास, नियमित पेपर आणि वर हे जादा पेपर अशा ओझ्यात अनेक मुली खेळ सोडतात. इंजिनिअरिंगला तर विद्यापीठाच्या परवानगीशिवाय पानही हलत नाही. तिथे खेळासाठी कॉलेज बदलण्याचा सल्ला मी सहसा देत नाही.

शरीराबद्दल पालक फार कमी विचारतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बास्केटबॉलमध्ये गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाला, म्हणजे एसीएलला, होणारी दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसते. शस्त्रक्रिया झाली तर परतायला साधारण नऊ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तीन वर्षांच्या पदवीतलं एक वर्ष गेलंच. उडी मारून उतरायचं कसं, दिशा बदलताना गुडघा आत वळू द्यायचा नाही, मांड्या आणि कंबरेची ताकद कशी वाढवायची, यावर सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं दिली तर हा धोका बराच कमी होतो. नव्या कॉलेजात ही शिस्त आहे का? फिजिओ आहे का, निदान ठरलेला डॉक्टर? कोर्ट लाकडी की सिमेंटचं, आणि एप्रिलच्या उन्हात सराव किती वाजता? हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी तपासतात का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ‘मुलगी हल्ली लवकर दमते’ याचं कारण तिची जिद्द कमी पडणं नसून रक्त कमी असणं हे असू शकतं.

प्रवासही यातच धरा. पहाटे सहाचा सराव आणि घर मेट्रोपासून लांब, म्हणजे झोप सहा तासांवर येते. कागदावर सरस ठरलेलं कॉलेज या एका कारणानं नापसंत करावं लागलं, तर बिनदिक्कत करा.

सुरक्षिततेचे प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा. बाहेरगावच्या स्पर्धेला संघासोबत महिला व्यवस्थापक जाते का, राहायची सोय कुठे असते, अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे. यूजीसीच्या 2015 च्या नियमांनुसार ही समिती प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत असायलाच हवी. आणि मुलीला कॉलेज का सोडायचंय, हे तिला एकटीला, शांतपणे विचारा. कोच ओरडतात, पहिल्या पाचात घेत नाहीत, मैत्रीण गेली, ही थांबून विचार करण्याची कारणं आहेत. पण कोणी अंगचटीला येत असेल, अपमान करत असेल, दुखत असताना बळजबरीनं खेळवत असेल, तर तुलना करत बसू नका. आधी तिला तिथून बाहेर काढा, तक्रार करा, खेळाचं पुढचं नंतर.

पाहणी करायला जाल तेव्हा सामना नाही, साधा सराव पाहा. पहिल्या पाच जणींशी सगळेच प्रशिक्षक चांगलं बोलतात. अकराव्या आणि बाराव्या मुलीची चूक ते कशी सुधारतात, तिचं नाव घेऊन हाक मारतात की नाही, तिकडे लक्ष ठेवा. त्या संघातून बाहेर पडलेल्या मुलींशीही बोला. मोठ्या शहराचं कॉलेजच चांगलं असं समजू नका. भारताची कर्णधार झालेली गीतू अॅना जोस केरळातल्या चंगनाशेरीसारख्या छोट्या गावातल्या असम्प्शन कॉलेजची.

हैदराबादच्या घरात अमेरिकेचा विषय निघणारच. बनारसची बरखा सोनकर तिकडे आधी फ्लोरिडातल्या हिल्सबरो कम्युनिटी कॉलेजात खेळली आणि मग केंटकीतल्या लिंडसे विल्सन कॉलेजात गेली. दोन वर्षांच्या कॉलेजातून चार वर्षांच्या कॉलेजात जाण्याची ही वाट तिथे रुळलेली आहे. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अॅरिझोनाकडून आणि हरसिमरन कौर सॅन दिएगोकडून थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या गटात, खेळल्या. तिथे 2018 पासून बदलीसाठी ट्रान्स्फर पोर्टल आहे आणि 2024 पासून अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा बदल करता येतो. पण पोर्टलमध्ये नाव गेलं की जुन्या कॉलेजला पुढची शिष्यवृत्ती थांबवता येते आणि नवं कॉलेज बोलावेलच याची खात्री नसते. परदेशी मुलीच्या बाबतीत एफ-1 व्हिसाची नोंदही वेळेत नव्या कॉलेजकडे वर्ग व्हावी लागते. तिसऱ्या डिव्हिजनची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, अभ्यासाच्या किंवा गरजेच्या आधारावर मदत देतात. ‘स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पहिला प्रश्न हाच करा, कॉलेज कोणत्या डिव्हिजनचं?

इकडे असो वा तिकडे, क्रम एकच ठेवा. फी-माफी किती आणि किती वर्षं, वसतिगृह त्यात आहे का, हजेरीत खेळाच्या दिवसांची सूट कशी, आणि दुखापत झाली तर सवलत राहते की जाते, ही चार उत्तरं प्राचार्यांच्या सहीनं कागदावर घ्या. मग मान्य पेपरांची यादी, मग प्रवेशाचं पत्र. टीसी आणि मायग्रेशनसाठी जुन्या कॉलेजात अर्ज त्यानंतर करा, त्याआधी एक दिवसही नाही.