जुन्या घाटाची बेसबॉल टोपी : थोडा इतिहास, थोडं गणित

आठवडी बाजारात टोप्यांचा ढीग तुम्ही पाहिला असेल. त्यातल्या कितीतरी टोप्यांवर ‘एन’ आणि ‘वाय’ ही दोन इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा तशीच टोपी घालून आला आणि म्हणाला, “सर, हे काय लिहिलंय?” मी सांगून टाकलं, “कंपनीचं नाव असेल.” घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की ती न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाची खूण आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात माझी चूक कबूल केली. आजचा पाठ त्यातूनच तयार झाला.

बेसबॉलच्या खेळाडूंच्या डोक्यावर सुरुवातीला ही टोपी नव्हतीच. १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर्स संघाने गणवेश ठरवला, त्यात गवती हॅट होती. १८६० च्या सुमारास ब्रुकलिनच्या एक्सेलसिअर्स संघाने गोल माथ्याची, पुढे छज्जा असलेली टोपी घातली. उन्हात वर उडालेला चेंडू पाहायचा तर डोळ्यांवर सावली हवी, एवढी साधी गरज होती. आजच्या टोपीची पणजी म्हणा ना तिला! १९०१ मध्ये डेट्रॉईट टायगर्सने टोपीवर धावणारा वाघ लावला. पुढे टोपीवरून संघ ओळखू येऊ लागला.

आता अमेरिकेत आणि इतरत्रही काही लोक या जुन्या टोप्यांसारख्या टोप्या जमवतात, मुद्दाम शिवूनही घेतात. तुम्ही म्हणाल, टोपीत जमवण्यासारखं काय आहे?

त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या संघांत घेत नसत. म्हणून १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत त्यांची स्वतंत्र लीग सुरू झाली. कॅन्सस सिटी मोनार्क्स, होमस्टेड ग्रेज असे एकापेक्षा एक संघ होते. जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये मोनार्क्सकडूनच खेळले आणि १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मोठ्या स्पर्धेत उतरले. भिंत पडली, ही चांगलीच गोष्ट. पण मग चांगले खेळाडू तिकडे गेले, प्रेक्षकही गेले, आणि हे जुने संघ एकेक करून बंद पडले. संघच राहिला नाही तर त्याची टोपी कोण शिवणार?

१९८८ मध्ये जेरी कोहेन यांनी सिॲटलमध्ये ‘एबेट्स फील्ड फ्लॅनल्स’ सुरू केलं. डॉजर्सच्या पाडून टाकलेल्या मैदानाचं हे नाव. अशा विसरलेल्या संघांचे गणवेश आणि टोप्या तिथे पुन्हा शिवल्या जाऊ लागल्या. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. जुना फोटो काळा-पांढरा असतो. अक्षराचा आकार त्यात दिसतो, पण टोपी निळी होती की लाल हे कसं ओळखायचं? त्यासाठी दुसरा पुरावा शोधावा लागतो. नवी टोपी मुद्दाम विटवून, फाडून ‘जुनी’ म्हणून विकतात, ती मला पटत नाही. त्यात शोध काहीच नसतो.

टोपी सांगून शिवून घ्यायची तर

आधी साल ठरवा, कारण सालाप्रमाणे घाट बदलतो. कापड लोकरीचं फ्लॅनेल, माथा मऊ, अक्षरं फेल्टची कापून शिवलेली, आत चामड्याची घामपट्टी. छज्जाच्या खालचं कापड बहुधा हिरवं, म्हणजे डोळ्यांना चकाकी कमी लागते. कळ्या सहा की आठ, तेही सांगा. आणि लोकर गरम पाण्यात धुवायची नाही, आक्रसते.

सगळ्यात जास्त चूक होते मापात. मागे पट्टा नसलेली टोपी सैल-घट्ट करता येत नाही, आणि आपल्या मापाने शिवलेली टोपी परत कोण घेणार?

अमेरिकन मापात डोक्याचा घेर नसतो, तर तो घेर गोल धरून इंचात काढलेला व्यास असतो. म्हणजे सेंटीमीटरमधल्या घेराला आधी २.५४ ने आणि मग ३.१४ ने भागायचं. २.५४ × ३.१४ = ७.९७५६, म्हणजे जवळजवळ ८! म्हणून घेराला थेट ८ ने भागा. घेर ५८ सेंमी असेल तर माप सव्वासात, ६० सेंमी असेल तर साडेसात. टोपीची मापं १/८ ने वाढतात, त्यामुळे एक सेंटीमीटर चुकला की एक नंबर चुकला.

कृती करून पाहा : शिंप्याकडची टेप घ्या. भुवयांच्या थोडं वर, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या फुगीर भागावरून फिरवा. टेप आवळू नका. तीनदा मोजा. मग घरातल्या प्रत्येकाचं माप काढून वहीत तक्ता करा. आजोबांचं माप घेताना त्यांना पागोटं किंवा टोपी काढायला सांगायला विसरू नका. आमच्या वर्गात एकाचं उत्तर साडेनऊ आलं होतं, ते त्यामुळेच!