गणना अध्याय १ : सहा लाखांचं कोडं

आजचं वाचन : गणना १:१-४६ आणि गणना २६:५१-६५



गणनाचं पुस्तक आलं की आपल्यातले बरेच जण पहिले चार अध्याय बोटाने सरकवतात. मीही सरकवायचे. नावं, वंश, आकडे, पुन्हा नावं. पण काही महिन्यांपूर्वी आमच्या तरुणांच्या संगतीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने विचारलं, "ताई, मिसरातून नेमके किती लोक निघाले?" मी लगेच म्हटलं, "वीस-पंचवीस लाख." तो म्हणाला, "मी हिशोब करून बघितला, बसत नाही. आणि हा आकडा चुकीचा असेल तर मग बाकीच्याचं काय?" मी त्याला म्हटलं की विश्वासाच्या गोष्टींत कॅल्क्युलेटर आणायचा नसतो. तो गप्प बसला. पुढच्या दोन रविवारी आलाच नाही.

मग मीच कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

सुरुवात वचनापासून करू. निर्गम १२:३७ मध्ये लेकराबाळांशिवाय पायी चालणारे पुरुष सुमारे ६,००,००० असं लिहिलंय. सीनायच्या रानात, बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, मोशे आणि अहरोन वीस वर्षांवरच्या, लढाईला जाऊ शकणाऱ्या पुरुषांची मोजणी करतात. बेरीज येते ६,०३,५५०. जवळजवळ चाळीस वर्षांनी मवाबाच्या मैदानात पुन्हा मोजणी होते, तेव्हा ६,०१,७३०. लेवी दोन्ही वेळा वेगळे मोजलेत. आता वीस वर्षांवरचे पुरुष सहा लाख, तर साधारण तेवढीच मुलं वीसच्या आतली, आणि सगळ्या मिळून तितक्याच बायका-मुली. म्हणजे वीस ते पंचवीस लाख. मी त्याला सांगितलेला आकडा इथूनच येतो.

आता अडचणी. याकोबाच्या घराण्यातले ७० जण मिसरात गेले (सुनांना धरलेलं नाही) आणि ४३० वर्षांनी लोक बाहेर पडले. ७० चे वीस लाख व्हायला दर वर्षी जवळजवळ २.४ टक्के वाढ लागते, आणि तीही सलग चार शतकं. भारताची लोकसंख्या सर्वांत वेगाने वाढत होती त्या १९७१ ते १९८१ च्या दशकात, लसी आणि दवाखाने असतानाही, हा वेग सव्वादोन टक्क्यांच्या आसपास होता. अर्थात घराण्याबरोबर दासदासी असणार, आणि निघताना मिश्र समुदायही बरोबर गेला (निर्गम १२:३८). तेव्हा ७० हा सुरुवातीचा आकडा फार ताणू नये. पण वीस लाख माणसं दहा-दहाच्या ओळीत, दोन ओळींत एक मीटर सोडून चालली, तर रांग २०० किलोमीटरची होते. मुंबई-पुण्याच्या अंतराहून लांब! पहिला माणूस मुक्कामाला पोचेल तेव्हा शेवटचा अजून निघालेलाही नसेल.

मला मात्र पवित्र शास्त्राच्या आतल्याच खुणा जास्त विचार करायला लावतात. निर्गम १ मध्ये फारोशी बोलायला दोनच सुइणी येतात, शिफ्रा आणि पुवा. त्या सगळ्या सुइणींच्या प्रमुख असतील असं म्हणता येतं, पण तसं लिहिलेलं नाही. अनुवाद ७:७ मध्ये मोशे लोकांना सांगतो की तुम्ही सगळ्या राष्ट्रांत संख्येने कमी होता. निर्गम २३:२९-३० मध्ये देव म्हणतो की कनानातल्या लोकांना मी एकाच वर्षात घालवणार नाही, नाहीतर देश ओसाड पडून रानटी जनावरं वाढतील. एवढ्याशा देशात वीस लाख माणसं उतरली तर जनावरांना जागा तरी कुठे उरणार? आणि सगळ्यात अवघड जागा गणना ३:४३ ची. सर्व वंशांतले एक महिन्यावरचे प्रथमजन्मलेले पुरुष २२,२७३. म्हणजे सहा लाख प्रौढ पुरुषांमागे बघितलं तरी दर २७ जणांत एकच थोरला. लहान मुलगे धरले तर चाळीसांत एक. प्रत्येक आईला चाळीस मुलगे? हेच त्या मुलाने मला विचारलं होतं, आणि मी त्याला गप्प केलं होतं.

मग अभ्यासक काय म्हणतात? पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १९०६ मध्ये, आणि पुढे १९५८ मध्ये जॉर्ज मेंडेनहॉल यांनी, एका हिब्रू शब्दाकडे लक्ष वेधलं : 'एलेफ'. त्याचा अर्थ हजार. पण त्याच शब्दाचा अर्थ घराणं किंवा तुकडी असाही होतो. शास्ते ६:१५ मध्ये गिदोन आपलं घराणं मनश्शेत सर्वांत दुबळं असल्याचं सांगतो, तिथे हाच शब्द आहे. मग शिमोनाचे '५९ एलेफ ३००' म्हणजे ५९,३०० माणसं नसून ५९ तुकड्या आणि त्यांत मिळून ३०० माणसं, असं वाचता येईल का? गणना १ मधल्या बारा वंशांची तशी बेरीज केली तर ५९८ तुकड्या आणि ५,५५० पुरुष येतात. बायका-मुलं धरून वीसेक हजार लोक. पेट्रींनी आणखी एक गंमत दाखवली. दोन्ही याद्यांतले शेकडे बघा. ५००, ३००, ६५०, ६००... सगळे २०० ते ७३० च्या मध्ये. चोवीस आकड्यांत एकदाही शून्य, शंभर, आठशे किंवा नऊशे नाही. सरसकट हजारांत मोजलेल्या याद्यांत असं सहसा होणार नाही. मी वहीत लिहून तपासलं, खरंच आहे.

एवढं वाचून मला वाटलं, सुटलं कोडं! तेवढ्यात निर्गम ३८:२५-२६ आडवं आलं. मोजल्या गेलेल्या प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यायचा होता. जमलेली चांदी १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. एका किक्कारात ३,००० शेकेल, म्हणजे एकूण ३,०१,७७५ शेकेल. दुप्पट करा : ६,०३,५५०. एकाचाही फरक नाही. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याच्या मनात हजार म्हणजे हजारच होते. तुकडीचा अर्थ आधी असेल आणि तो पुढे विसरला गेला असेल, असं त्या बाजूचे अभ्यासक म्हणतात. काहींना हे जुन्या काळच्या लढाईच्या भाषेतले मुद्दाम मोठे केलेले आकडे वाटतात. आणि पुष्कळ विश्वासू अभ्यासक सहा लाख जसेच्या तसे धरतात : रोज मान्ना पाडणाऱ्या देवाला वीस लाखांचं काय ओझं!

माझा कल लहान आकड्याकडे आहे, पण ती चांदी मला पूर्ण खात्रीने बोलू देत नाही. नकलताना एखादं अक्षर सुटतं हेही इथेच दिसतं. गणना ३ मध्ये गेर्षोनी ७,५००, कहाथी ८,६०० आणि मरारी ६,२०० यांची बेरीज २२,३०० होते, पण वचन ३९ मध्ये २२,००० आहे. हिब्रूत 'सहा' आणि 'तीन' या शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. काही ग्रीक हस्तलिखितांत कहाथींचा आकडा ८,३०० असा आहे. तो घेतला की बेरीज जुळते.

पण एकूण आकड्यावर डोळे लावून बसले असताना मी वंशांचे आकडे नीट बघितलेच नव्हते. दोन याद्या शेजारी ठेवा. एकूण फरक फक्त १,८२० चा. पण शिमोन ५९,३०० वरून २२,२०० वर आलाय. गणना २५ मध्ये मरीने २४,००० मेले, आणि तिथे नाव घेऊन सांगितलेला जिम्री शिमोनाच्याच घराण्याचा सरदार होता. मनश्शे ३२,२०० वरून ५२,७०० वर गेलाय. आणि दुसऱ्या यादीत, कालेब आणि यहोशवा सोडले तर, पहिल्या यादीतला एकही माणूस नाही. बेरीज जवळपास तीच, माणसं सगळी दुसरी.

या पुरुषांच्या मोजणीत मध्येच, गणना २६:३३ मध्ये, पाच मुलींची नावं आहेत : महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. सलाफहादाला मुलगा नव्हता. नियमाप्रमाणे त्या मोजणीत धरायच्याच नव्हत्या, तरी कुणीतरी त्यांची नावं लिहून ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात मी त्या मुलाला फोन केला. माझं उत्तर चुकलं होतं असं सांगितलं आणि वहीचे फोटो पाठवले. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला : "ताई, शेकडे दोनदा तपासले. ७३० हा रऊबेनचा आहे ना, दुसऱ्या यादीतला?"

हो, गणना २६:७.

उद्याचं वाचन : गणना २७:१-११. त्या पाच बहिणी मोशेसमोर उभ्या राहतात.