आभाळातून दिसणारे शिवार

मंडळी, आपल्या जांब समर्थचे शिवार आभाळातूनही दिसते. १९८८ सालापासून भारताचे उपग्रह जमिनीची चित्रे घेत आले आहेत. त्यांवरून केलेले नकाशे इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर बघता येतात.

गंमत अशी, की एका जातीच्या चित्रात हिरवे पीक तांबडे दिसते! मे महिन्याचे असे चित्र घ्या. कापूस, तूर केव्हाच निघालेली. तांबडे उरते ते बहुतेक ऊस नाहीतर मोसंबी. दहा वर्षांमागचे चित्र शेजारी ठेवा. तांबडे वाढले असेल, तर उन्हाळ्यात पाण्याचा उपसाही वाढला असणार. नवे बोअर घ्यायच्या आधी ही दोन्ही चित्रे ग्रामसभेत मांडा.

विहिरीत पाणी किती, ते मात्र या चित्रात दिसत नाही. दोर सोडून आपणच मोजायचे. दर महिन्याला वहीत मांडायचे. लिहिता येतेच की आता!