जुना फायबरचा ट्रेलर घेताय? पैसे नक्की कुठे जातात ते आधी बघा



मागच्या व्हिडिओत जुन्या फायबरच्या ट्रेलरवर पॅच कसा मारायचा ते दाखवलं होतं. तो बघून धुळ्याहून एका भाऊंचा फोन आला. "सर, तुम्ही दाखवला तसाच ट्रेलर सापडलाय. सत्तर हजार म्हणतोय. घेऊन टाकू का?" त्याला शेवभाजी आणि हिवाळ्यात भरीत-भाकरीचा गाडा टाकायचाय. जवळ दीड लाख. त्यातले साठ हजार स्वतःचे, नव्वद हजार आईचं सोनं तारण ठेवून मिळणार होते.

मी म्हटलं, "थांब भो. रविवारी येतो. तोपर्यंत इसार देऊ नको."

खरं सांगायचं तर चूक माझीच. बारा मिनिटांच्या व्हिडिओत मी जे दाखवलं ते या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात स्वस्त काम आहे. ज्यात माणूस बुडतो ते दाखवलंच नाही. ते इथे लिहितो.

आधी थोडं या वस्तूबद्दल. पूर्ण फायबरचा प्रवासी ट्रेलर ही मुळात तिकडची, उत्तर अमेरिकेची वस्तू. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८ साली रे ओलेको या माणसाने 'बोलर' नावाचा तेरा फुटी ट्रेलर बाजारात आणला. त्याआधी तो फायबरच्या सेप्टिक टाक्यांच्या धंद्यात होता. टाकी जशी साच्यात ओततात तसंच घर का नाही ओतायचं, हा त्याचा विचार. खालचा अर्धा आणि वरचा अर्धा असे दोन तुकडे साच्यात काढायचे, मधोमध जोडायचे, बस. लाकडी सांगाडा नाही, पत्र्याचे सांधे नाहीत, म्हणून गळती कमी. ते पन्नास वर्षांपूर्वीचे ट्रेलर आजही लोक दुरुस्त करून वापरतात.

आपल्याकडे खान्देशात फायबर म्हटलं की कूलरची बॉडी, पाण्याची टाकी, बागेतली घसरगुंडी. ट्रेलर क्वचित. जे मिळतात ते बहुतेक कंपन्यांच्या प्रचाराचे, प्रदर्शनाचे. धुळ्याचा हाही तसाच, एका बियाण्याच्या कंपनीसाठी बनवलेला, मग दहाएक वर्षं गोडाऊनच्या मागे लिंबाखाली उभा. वरून शेवाळ, पण आकार एकदम देखणा. आणि तिथेच माणूस फसतो. फायबर गंजत नाही, सडत नाही. धुतलं, घासलं की चमकतं. त्यामुळे आपल्याला वाटतं सगळा ट्रेलरच चांगला आहे.

फायबरच्या खाली लोखंड असतं, आत प्लाय असतो. ते दोन्ही गंजतात आणि सडतात, आणि तेही झाकलेले असतात.

माझा हिशोब

२०१९ मध्ये मी स्वतः असाच एक ट्रेलर घेतला होता, ट्रेनिंगच्या फिरत्या स्टॉलसाठी. किंमत ४०,००० रुपये. तेव्हा माझं पेंट-हार्डवेअरचं दुकान होतं, आजही आहे, त्यामुळे मला वाटलं आपल्याला काय अवघड. रेझिन आपलंच, रंग आपलाच. घरी आणला आणि पहिल्याच आठवड्यात बाहेरून घासून रंगवून टाकला. ११,००० रुपये गेले. फोटो मस्त आले. बीबीए करताना कॉस्टिंग शिकलो होतो, पण त्या आठवड्यात काही ते आठवलं नाही.

पावसाळ्यात आत पाय टाकला तर फरशीचा प्लाय बिस्किटासारखा तुटला. प्लाय काढला तर खाली चेसिसच्या दोन आडव्या पट्ट्या हातोडीने ठोकल्या की पापुद्रे निघत होते. फरशी आणि चेसिस बदलायचं तर बॉडी उचलावी लागली, उचलताना चार ठिकाणी तडे गेले, रंग गेला. ते अकरा हजार पाण्यात.

मग जे खरं काम झालं त्याचं बिल असं. चेसिसचं वेल्डिंग आणि नवीन लोखंड ३१,०००. फरशी १४,०००. टायर, बेअरिंग, हब मिळून १३,०००. वायरिंग आणि दिवे ८,५००. फायबरचं काम: रेझिन, मॅट, हार्डनर, अॅसिटोन, ब्रश-रोलर धरून सामान ५,६००, मजुरी १२,०००, आणि परत रंग ९,०००. एकूण ९३,१००. बघा, व्हिडिओत जे शिकवलं त्याचं सामान ५,६०० रुपयांचं. दुरुस्तीच्या शंभर रुपयांत सहा रुपये. हे २०१९ चे दर आहेत, आज बाजारात विचारून घ्या, पण प्रमाण फारसं बदलत नाही.

बघायला जाताना

खिशात एक रुपयाचं नाणं, एक जाड स्क्रूड्रायव्हर, छोटी हातोडी आणि टॉर्च. एवढंच न्या.

नाण्याने बॉडी ठोकत चला, वीतभर अंतराने. चांगलं फायबर 'टण' असा कडक आवाज देतं. आवाज 'थप' आला तर थर सुटलेत किंवा आतल्या लाकडात पाणी आहे. तिथे खडूने गोल करा. खिडक्या, दाराची चौकट आणि रिव्हेटच्या भोवती जास्त वेळ द्या, पाणी तिथूनच शिरतं. वरच्या जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर घाबरू नका, ते वरवरचं आहे. रेष दाबल्यावर दोन्ही बाजू खालीवर हलत असतील तर तो खरा तडा.

मग फरशी. कोपऱ्यांत आणि दाराजवळ स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर संपूर्ण फरशी बदलायची असंच धरा. अर्धी बदलू, असं स्वतःला समजावू नका. नवीन टाकताना मरीन प्लाय घ्या, शिक्का आयएस ७१० चा बघा, आणि बसवण्याआधी चारी कडांना रेझिन पाजा.

मग खाली झोपा. कपडे खराब होतील, होऊ द्या. पुढचा दांडा जिथे चेसिसला जोडलाय ती जागा आणि स्प्रिंगचे कान हातोडीने ठोका. आपल्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणारे वेल्डर गावोगाव आहेत, हाताने चांगले असतात. पण ट्रॉली हळू चालते. तुमचा ट्रेलर साठच्या वेगाने पारोळा-एरंडोलच्या रस्त्याने ट्रकांमधून जाणार आहे, हे वेल्डरला स्पष्ट सांगा. टायरवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसली तरी तो टायर म्हातारा आहे.

शेवटी कागद. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्यात वेगळं वाहन आहे, ओढणाऱ्या गाडीच्या कागदावर तो चालत नाही. एमएच १८ असो की एमएच १९, आरसी बुक कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. "कागद नंतर देतो" असं म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या.

आपल्या उन्हातलं रेझिन

परदेशी व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांची इथे फजिती होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर वजनाने एक ते दोन टक्के लागतो. म्हणजे एक किलोला १० ते २० ग्रॅम. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा दोन टक्के टाकलं तर ब्रश भिंतीला लागायच्या आत मगात दगड होतो. वर तो मग इतका तापतो की धूर निघतो. मग लोक हार्डनर अर्धा टक्का करतात. तेही चूक. एक टक्क्याच्या खाली गेलात तर रेझिन वरून वाळल्यासारखं वाटतं, पण आतून कायम कच्चं राहतं. उन्हाळ्यात उपाय वेगळा: कोबाल्ट कमी करा, सकाळी सहा ते नऊ काम करा, एका वेळी अर्धा किलोच कालवा, आणि मगाऐवजी पसरट ट्रेमध्ये ओता म्हणजे उष्णता साठत नाही. पावसाळ्यात मॅट ओलावा धरते, तेव्हा काम नकोच. दिवाळी ते होळी हा आपला सगळ्यात चांगला काळ, फक्त थंडीत पहाटे नको, ऊन चढल्यावर.

आता हे नीट वाचा. जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखा हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दुकानातही दोन्ही बाटल्या मी वेगवेगळ्या पिशवीत देतो. बरंचसं रेझिन कोबाल्ट टाकूनच येतं, घेताना विचारा, नाहीतर दुप्पट पडेल.

तडा नेहमी आतल्या बाजूने भरा. घासण्याआधी अॅसिटोनने पुसा, आधी घासलं तर जुनं मेण आणि तेल आत रगडलं जातं. मग तड्याच्या दोन्ही बाजूंना उतार काढा, जाडीच्या बारा पट. तीन मिलिमीटरच्या बॉडीला साधारण साडेतीन सेंटिमीटर. मॅट ४५० ग्रॅमची, रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट, आणि रोलर फिरवून हवा काढायचीच. पॅच पांढरट राहिला म्हणजे रेझिन पोहोचलं नाही. एम-सील भरून वरून रंग मारायची आपली सवय इथे सोडा, तो सांधा धक्के सहन करत नाही. आणि खिडक्यांना सिलिकॉन लावू नका. पुढच्या वेळी त्यावर ना रंग धरतो ना रेझिन. पीयू सीलंट किंवा ब्युटाइल टेप घ्या.

मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, काम झाल्यावर थंड पाण्याने आंघोळ. फायबरची खाज एकदा लागली की रात्रभर झोप नाही.

आत गॅस ठेवणार असाल तर फरशीलगत जाळीचं भोक हवंच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. वरचा एक्झॉस्ट पंखा तिथे कामाचा नाही.

रविवारी धुळ्यात

नाणं ठोकून बघितलं. बॉडीवर सात खुणा झाल्या, म्हणजे फारच चांगली. फरशी मऊ. स्प्रिंगचा एक कान जवळजवळ सुटलेला. आरसी नाही, फक्त कंपनीच्या लेटरहेडवर विक्रीची चिठ्ठी.

तिथेच टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून मांडणी केली. दुरुस्ती ९५ हजार, वर वीस टक्के, कारण जुन्या वस्तूत नेहमी काहीतरी निघतंच, म्हणजे १ लाख १४ हजार. त्यात सत्तर मिळवले की १ लाख ८४ हजार. याच्याकडे दीड लाख. म्हणजे चेसिस झाली, फरशी झाली आणि रंगाच्या आधी पैसे संपले, अशा अवस्थेत ट्रेलर अंगणात उभा राहणार आणि सोन्यावरचं व्याज चालू. शिवाय तेवढ्याच आकाराच्या नव्या पत्र्याच्या ट्रेलरचं स्थानिक फॅब्रिकेटरचं कोटेशन होतं १ लाख ८५ हजारांचं.

असा भाव उलटा काढायचा असतो. नव्याचे १,८५,०००, त्यातून दुरुस्तीचे १,१४,००० वजा, उरले ७१,०००. दुरुस्तीत दोन महिने जातील, त्या दोन महिन्यांच्या बुडालेल्या कमाईचे त्याच्या अंदाजाने ३०,००० वजा. उरले ४१,०००. कागद पूर्ण असते तरी यापुढे एक रुपया नाही. कागद नव्हतेच.

भाऊ गप्प. मालकही गप्प. मग भाऊच म्हणाला, "सर, मला फिरायचंच नाहीये. देवपूरला काकांचा प्लॉट आहे, तिथेच उभं राहायचंय."

हे त्याने फोनवर सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. फिरायचं नसेल तर चेसिस, टायर, बेअरिंग काहीच नको. आरटीओचा प्रश्नही सुटला. महापालिकेची परवानगी आणि खाद्यपदार्थांची नोंदणी मात्र लागेलच, ती नव्या ट्रेलरलाही लागली असती.

मालकाला फक्त बॉडीचा भाव विचारला. तीस म्हणाला, बावीसवर आला, चेसिस त्याने भंगारासाठी ठेवून घेतली. विटांचा ओटा आठ हजार, फरशी, फायबर, रंग, वायरिंग धरून पंचेचाळीस. एकूण पंचाहत्तर हजार. तारण नव्वदऐवजी वीस हजारांचं.

बॉडी बोल्ट काढून आठ जणांनी हातावर उचलून टेम्पोत चढवली. सात खुणांपैकी तीन आतून भरून झाल्यात. काल सकाळी सातला त्याने पहिल्यांदा स्वतः रेझिन कालवलं, अर्धा किलो, दीड टक्के. वीस मिनिटांत सेट झालं. फोटो पाठवलाय. पॅचमध्ये अंगठ्याएवढे दोन बुडबुडे राहिलेत. ते कापून परत भरायला सांगितलंय.