धार-देवासच्या बाजारात जाताना

बाघची साडी पसंत पडली की आधी ती उलटी करून बघ. ठशाने छापलेल्या सुती कापडात रंग मुरलेला असतो, त्यामुळे पाठीवरही नक्षी, फिकी का होईना, दिसते. जाळीवर छापलेल्या नकली बाघची पाठ बहुधा कोरी राहते. मग काठाजवळ बोट फिरव. एक ठसा दुसऱ्याला जिथे भिडतो तिथे केसभर फरक सापडतो. तो दोष मानून भाव पाडायला जाऊ नकोस, तीच हाताची खूण आहे.

पोरी, पुण्याहून येणारी मंडळी किंमत ऐकून भुवया उंचावतात. त्यांनी ते काम एकदा समजून घ्यावं. कोरं कापड एरंडेल, खार आणि बकरीच्या लेंड्या कालवलेल्या पाण्यात भिजवून तुडवतात, वाळवतात, मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. काळ्या रंगासाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवतात. लालासाठी चिंचोक्याच्या खळीत तुरटी घालतात. छापल्यावर कापड काही दिवस तसंच ठेवतात, बाघनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि शेवटी धावड्याच्या फुलांसोबत अलिझरीनच्या भट्टीत उकळतात. खरा लाल रंग तिथे उमलतो. हे काम करणारी खत्री मंडळी मूळची सिंधची, पण आता हा कपडा बाघच्या नावानेच ओळखला जातो आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तेव्हा छापणाऱ्याच्या दारात भाजीबाजारासारखी घासाघीस करू नकोस. भावाचा अंदाज हवा असेल तर आधी इंदूरच्या सरकारी मृगनयनी दुकानात फिरून ये. दुकानदार मात्र दोन-चार हात फिरलेला माल विकत असेल तर तिथे हक्काने बोल.

बाघ धार जिल्ह्यातच आहे, तरी धार शहरापासून बरंच लांब. जायचंच तर पूर्ण दिवस हाताशी ठेव आणि पावसाळा टाळ, कारण ऊन नसलं की वाळवण अडते आणि काम मंदावतं. घरी आल्यावर साडीची पहिली धुणी वेगळी, थंड पाण्यात. वाळत घालायची सावलीत.

मांडूला वाटेवर भिल्ल बायका खुरासानी चिंच विकायला बसतात. ही आफ्रिकेतल्या गोरखचिंचेची फळं, मखमली हिरवट सालीची. वाळलेलं, न फुटलेलं फळ घे आणि कानाशी हलवून बघ; आत खडखड झाली तर गर सुकलेला आहे. तो पांढरा गर पाण्यात भिजवला की छान आंबट सरबत होतं. या बायकांशी पाच रुपयांसाठी वाद घालणं मला आवडत नाही, तूही घालू नकोस. सीताफळं शरदात येतात, ती मात्र प्रवासाला निघायच्या दिवशीच घे.

चांदीचं कडं किंवा हसळी घ्यायची तर सराफाकडून वजन, शुद्धता आणि घडणावळ ही तिन्ही वेगवेगळी लिहून घे. जुन्या दागिन्यात भेसळ असू शकते, हे तो स्वतःहून सांगेलच असं नाही. आणि आदिवासी हाटात कोणाचे फोटो काढायचे झाले तर आधी विचार. भगोरियाच्या दिवसांत तर हे विशेष लक्षात ठेव; तो त्यांचा सण आहे, आपल्यासाठी मांडलेला बाजार नव्हे.

देवासला टेकडीवर जाशील तेव्हा ओट्या दोन घे. तिथे तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देव्या आहेत. लोक त्यांना थोरली आणि धाकटी माता म्हणतात. या गावात संस्थानंही दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्ही पवारांचीच. नवरात्रात मात्र खरेदीचा बेत आखू नकोस, गर्दीत पायही ठरत नाही. पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर आहे. 1948 पासून 1992 मध्ये जाईपर्यंत ते देवासलाच राहिले. तिथे काही विकत घ्यायचं नाही, तरी वाट वाकडी करून त्या रस्त्याने जा.

शेव चाखून घे. मालव्यात चव मागितली तर कोणी वाईट मानत नाही. आजची तळलेली आहे का, एवढंच विचार. लवंगी, लसणाची, जाड, बारीक हा मग तुझ्या जिभेचा प्रश्न. वर्षाचा गहू न्यायचा असेल तर होळीनंतर ये, नवा माल मंडीत तेव्हा असतो. पोळीला लोकवन, बाफल्यांना कठिया, आणि तोही जाडसर दळलेला.

महेश्वरी साडी धार-देवासच्या दुकानातही दिसेल. तिच्यासाठी इथे वेळ घालवू नकोस. नर्मदेकाठी महेश्वरला जा, मागावर बसलेल्या विणकराला भेट आणि तिथूनच घे.