साहाय्याची भाषा : मार्शल योजना व एक स्पॅनिश प्रहसन

साहाय्य हा आर्थिक व्यवहार असतो, तसाच तो भाषिक व्यवहारही असतो. दान, मदत, अनुदान आणि कर्ज हे मराठीतील चार शब्द देणारा व घेणारा यांच्यातील चार वेगळी नाती सूचित करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या पुनर्रचनेसाठी आलेल्या अमेरिकी साहाय्याचा विचार या दृष्टीने करणे उद्बोधक ठरते.

५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात केलेल्या संक्षिप्त भाषणात रकमेचा उल्लेखच नव्हता. आपले धोरण कोणत्याही देशाविरुद्ध वा मतप्रणालीविरुद्ध नसून भूक व दारिद्र्य यांच्याविरुद्ध आहे, असे सांगून त्यांनी पुढाकार युरोपीय राष्ट्रांनीच घ्यावा, असा आग्रह धरला. या मांडणीत दाता एक पाऊल मागे सरतो आणि याचकाच्या जागी योजनाकार उभा राहतो. तथापि सोव्हिएत संघ पॅरिसच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, चेकोस्लोव्हाकियाला आधी दिलेला होकार मागे घ्यावा लागला, आणि योजनेचा नकाशा पश्चिम युरोपापुरता मर्यादित झाला.

१९४८ ते १९५१ या काळात सुमारे १३ अब्ज डॉलरचे साहाय्य दिले गेले. त्याचा बहुतांश भाग अनुदानरूप होता. अनुदानातून आलेल्या मालाच्या किमतीइतके देशी चलन संबंधित सरकारला स्वतंत्र निधीत ठेवावे लागे. हा निधी पुनर्बांधणीसाठी वापरता येई. मात्र त्याच्या विनियोगास अमेरिकेची संमती लागे. भाषणात मान्य केलेल्या स्वायत्ततेला हिशेबाच्या वहीत अशी मर्यादा पडली.

या नात्याचे मार्मिक चित्रण मात्र योजनेबाहेर राहिलेल्या देशात झाले. फ्रँकोच्या राजवटीतील स्पेनला या साहाय्यात स्थान नव्हते. लुईस गार्सिया बेर्लांगा यांच्या ‘बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल’ (१९५३) या चित्रपटात कास्तील प्रांतातील एक खेडे अमेरिकी पाहुण्यांसाठी आंदालुसियाचा वेश धारण करते. कारण परक्यांच्या मनातील स्पेन तसाच असतो. गावकरी रांगेत उभे राहून प्रत्येकी एकेक मागणी नोंदवितात. अखेरीस मोटारींचा ताफा न थांबता निघून जातो आणि स्वागताचा खर्च गावकऱ्यांनाच आपापल्या वस्तू देऊन भागवावा लागतो.

मागण्यांची ती रांग म्हणजे हार्वर्डच्या भाषणातील निमंत्रणाचे विडंबनच होय. आपली गरज आपणच सांगावी, हा अधिकार तेथे घेणाऱ्याला मिळतो. परंतु ती ऐकू यावी म्हणून त्याला दात्याच्या कल्पनेतील रूप घ्यावे लागते. मार्शल योजनेमुळे युरोपच्या उत्पादनाला गती मिळाली, हे खरे आहे. त्यामुळे प्रहसनाला आर्थिक इतिहासाचे खंडन मानता येणार नाही. आकडेवारीत ज्याची नोंद होत नाही अशा एका किमतीची, म्हणजे घेणाऱ्याच्या आत्मप्रतिमेची, नोंद ते करते. साहाय्यविषयक साहित्याचा अभ्यास करताना किती मिळाले यासोबतच, मागताना कोणाचा वेश घ्यावा लागला, हा प्रश्नही विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.