लोकरीचा किल्ट आणि ऑगस्टचे ऊन

मला शाळेत शिकवलेल्या एक बाई परवा दवाखान्यात आल्या. रक्तदाब तपासून झाल्यावर त्यांनी मोबाईलमधला फोटो पुढे केला. त्यांचा नातू कॅनडात ओंटारिओ प्रांतात असतो आणि तिथल्या पाईप बँडमध्ये ड्रम वाजवतो. अंगात स्कॉटिश गणवेश, गडद चौकड्यांचा लोकरी किल्ट.

"अरे, गेल्या वर्षी १ जुलैच्या संचलनात हा उभ्या उभ्या कोसळला. आता ऑगस्टमध्ये मॅक्सव्हिलच्या स्पर्धेत वाजवणार म्हणतो. भर उन्हात लोकरीचा घागरा! सोडून दे म्हणून तूच सांग."

मी नातवाशी फोनवर बोललो. सोडायला मात्र सांगितले नाही. त्याला जे सांगितले ते इथे देतो, कारण उन्हात जाड गणवेशात उभे राहणारे पोलीस आणि शाळेच्या बँडमधली मुले आपल्याकडेही आहेत.

किल्टला सुमारे आठ वार कापड लागते. वजन दोन किलोच्या आसपास भरते. पण बरेचसे कापड मागच्या चुण्यांत असते आणि खालून वस्त्र मोकळे असते. चालताना चुण्या हलतात, हवा खेळते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प शोषते, तरी ओली लागत नाही. गडद रंगाचे म्हणाल, तर वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांचा अभ्यास १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात आला होता. काळे कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापते, पण झगा सैल असल्याने ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचत नाही, असे त्यात आढळले.

मग नातू कोसळला कशाने? वर जाड कोट, पायांत गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, कमरेला आवळलेले पट्टे, आणि बराच वेळ स्तब्ध उभे राहणे. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते आणि भोवळ येते.

यावर उपाय असे :

१) सराव उन्हातच, पण हळूहळू वाढवत करावा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात.

२) बँडप्रमुखाला विचारून कोटाऐवजी नुसता सुती शर्ट घालावा. नवा किल्ट शिवताना हलक्या वजनाचे कापड निवडावे.

३) उभे असताना गुडघे ताठ ठेवू नयेत. बुटात बोटे हलवावीत, पोटऱ्या आवळाव्यात. विश्रांतीत सावलीत बसावे, मोजे खाली करावेत, कमरेचा पट्टा एक भोक सैल करावा.

४) पाणी थोडे थोडे प्यावे. घाम फार गेला तर मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा ताक. बिअर नको. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

५) जांघेत घाम मुरून कातडी सोलवटते, नायटाही होतो. आत सुती चड्डी असावी. कातडी कोरडी करून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. किल्ट घडी घालण्यापूर्वी वाऱ्यावर वाळवावा.

नुसती भोवळ आली, तर सावलीत आडवे करून पाय वर उचलले की माणूस बहुधा लवकर सावरतो. पण जो असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, ज्याचे अंग भाजते, त्याला उष्माघात समजावे. "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही," हा समज घातक आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. अशा वेळी रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. कपडे काढून अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, बर्फ असल्यास काखेत व जांघेत ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

नातवाने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी कबूल केले, की त्या दिवशी तो सकाळपासून एका कॉफीवर होता. बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. पुढचे पाच मिनिटे जे उपचार झाले, ते माझ्याहून गुणकारी असावेत.